दूर राहून संसार निभेल का? पवारणा पौर्णिमेचे चिंतन

आश्विन पौर्णिमा जवळ आली आहे. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास या दिवशी संपतो आणि भिक्खुसंघ पवारणा करतो. या तीन महिन्यांत आपणही सुटीच्या दिवशी एकत्र बसून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन केले. वाचन संपले, चहा आला, की एक प्रश्न हळूच निघायचा. तोच आज प्रवचनासाठी घेतला आहे.

विचारणाऱ्यांची परिस्थिती निरनिराळी असते. कोणाचे लग्न ठरले आहे, मुलगी नागपूरला आणि मुलगा शारजाला. कोणी नर्स म्हणून अबुधाबीत रुजू झाली आहे आणि तिचा मित्र पुण्यात नोकरी करतो. कोणाच्या लग्नाला आठ वर्षे झाली, पण नवराबायको एका छताखाली राहिले ते फक्त सुट्यांमध्ये. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: असे दूर राहून नाते निभेल का? मला ते झेपेल का? की आताच स्पष्ट नाही म्हणावे?

या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे तयार उत्तर धम्म देत नाही. कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका. जे अकुशल आहे, ज्याने अहित आणि दुःख होते, ते स्वतः जाणून सोडा आणि जे कुशल आहे ते स्वतः जाणून आचरा. हाच नियम इथेही लावायचा आहे. मामा म्हणतात म्हणून परदेशातला मुलगा करू नका आणि मैत्रीण म्हणते म्हणून तो नाकारूही नका. जाणून ठरवा. जाणायचे कसे, ते आज पाहू.

दुःखाला दुःख म्हणा

पहिल्याच धम्मप्रवचनात, सारनाथला, तथागतांनी दुःख कशाकशाला म्हणतात ते सांगताना प्रियजनांच्या वियोगाचा उल्लेख केला. म्हणजे ज्याला रात्री खोलीत एकटे पडल्यावर घराची आठवण येते, त्याला धम्म दुबळा म्हणत नाही. ज्या भगिनीला लहान मुलाचा ताप एकटीने काढावा लागतो, तिला धम्म ‘इतके काय त्यात’ असे म्हणत नाही. वियोग हे दुःख आहे, हे आधी मान्य करायचे.

आपल्याकडे नेमके उलटे होते. ‘प्रेम खरे असेल तर अंतराने काय फरक पडतो?’ असे म्हटले जाते. ऐकायला हे बरे वाटते, पण त्यामुळे ज्याला त्रास होतो त्याच्या मनात अपराधी भावना येते. त्याला वाटते, मला जड जाते आहे म्हणजे माझे प्रेमच कमी आहे. तसे नाही. फरक पडतोच. कोसलचा राजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांचा संवाद मज्झिम निकायात आहे. प्रिय व्यक्तींपासून शोक निर्माण होतो, हे बुद्धवचन राजाला पटेना. तेव्हा मल्लिकेने त्याला एकेका प्रियजनाचे नाव घेऊन विचारले, हिला काही झाले तर तुम्हाला दुःख होईल की नाही? राजाला उत्तर स्वतःच्याच मनात सापडले. मल्लिकेने त्याला प्रेम सोडायला सांगितले नाही. प्रेमाची किंमत काय असते ते तिने त्याला दाखवले. दूर राहण्याचा निर्णय घेण्याआधी ही किंमत दोघांनी आकड्यांत मांडून पाहावी.

आकडे मांडूच. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार वर्षभर नोकरी केल्यावर ३० दिवसांची वार्षिक रजा मिळते. समजा दरवर्षी ती सगळी रजा घरी घालवली. दहा वर्षांत ३०० दिवस होतात. म्हणजे दहा वर्षांच्या संसारात एक वर्षही पुरते सोबत नाही. ज्यांना दोन वर्षांतून एकदाच तिकीट मिळते आणि मधल्या वर्षी स्वतःच्या खर्चाने जाणे परवडत नाही, त्यांच्या भेटी आणखी कमी. हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही. सम्यक दृष्टी म्हणजे आहे ते आहे तसे पाहणे. त्यात हा हिशेबही आला.

निर्णय दोघांचा हवा

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे: मध्यरात्री, पत्नी आणि बाळ झोपेत असताना, न सांगता निघून जाणे. बाबासाहेबांनी ही कथा स्वीकारली नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादातून, युद्धाला विरोध केल्यामुळे, सिद्धार्थाला घर सोडावे लागते. आणि जाण्याआधी तो आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. यशोधरा सगळे ऐकते, स्वतःला सावरते आणि संमती देते. राहुल लहान नसता तर मीही परिव्राजिका होऊन सोबत आले असते, असे ती म्हणते. मागे राहणाऱ्यांची जबाबदारी ती जाणतेपणाने घेते.

बाबासाहेबांनी हा प्रसंग असा का मांडला असेल याचा विचार करा. मागे राहणाऱ्या माणसाला न विचारता केलेला त्याग हा धम्माला शोभणारा त्याग नव्हे. मग आपल्या घरात काय होते ते पाहा. ऑफर लेटर येते, एजंटला होकार जातो, वडिलांना कळते, भावाला कळते आणि बायकोला शेवटी सांगितले जाते: ‘पुढच्या महिन्यात जायचे आहे.’ तिची संमती गृहीत धरलेली असते. पुढे काही वर्षांनी ती चिडते, तेव्हा त्याला वाटते ही कृतघ्न आहे. पण तिला कोणी विचारलेच नव्हते.

आता हे नवऱ्यांपुरते राहिलेले नाही. आज आपल्या मुली नर्स, अभियंता, शिक्षिका म्हणून परदेशी येतात आणि मागे पती किंवा होणारा पती राहतो. त्यालाही असेच विचारले पाहिजे. विचारणे याचा अर्थ ‘नाही’ हे उत्तरही ऐकायची तयारी ठेवून विचारणे.

चार गोष्टींत जुळते का?

भग्ग देशात नकुलपिता आणि नकुलमाता नावाचे वृद्ध जोडपे होते. त्यांनी तथागतांना सांगितले की लहान वयात लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी मनानेही प्रतारणा केलेली नाही, मग देहाने कुठून? आम्हाला सदैव एकमेकांच्या सोबत राहण्याची इच्छा आहे. अंगुत्तर निकायात तथागतांचे उत्तर आहे. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टींत दोघे समान असावेत. सुत्तातील पुढच्या जन्माच्या भाषेत आपण अडकण्याचे कारण नाही. एकत्र राहणे कशाने टिकते, एवढे त्यातून घेऊ.

पत्रिका पाहणे आपण १९५६ च्या धम्मदीक्षेबरोबर सोडले. मग जुळवायचे काय? या चार गोष्टी जुळवाव्यात. सोबत राहणाऱ्या जोडप्याची यातली उणीव रोजच्या सहवासाने काही प्रमाणात भरून निघते. दूर राहणाऱ्यांची भरून निघत नाही.

श्रद्धा: दोघांचा विश्वास कशावर आहे? एकाला त्रिशरण-पंचशील जगायचे आहे आणि दुसऱ्याला ते फक्त लग्नपत्रिकेवर हवे आहे, असे तर नाही ना?

शील: कोणी पाहत नसताना तो किंवा ती कशी वागते? दूरच्या नात्यात बहुतेक वेळा कोणी पाहतच नसते. म्हणून इथे तिसरे आणि चौथे शील सगळ्यात आधी पाहावे. कामवासनेने चुकीचे वर्तन करणार नाही आणि खोटे बोलणार नाही, ही दोन्ही शिले एकमेकांना धरून असतात. पहिले खोटे सहसा छोटे असते. कोणासोबत जेवलो, पगार किती, खोलीत किती जण राहतात, सुटी कधी मिळते. छोट्या गोष्टींत सत्य नसेल तर मोठ्या गोष्टीत ते येणार नाही.

त्याग: इथे त्याग म्हणजे देण्याची वृत्ती. दोघेही देतात का, की एकजण देतो आणि दुसरा घेतो? झोपमोड कोण करतो? कोणाच्या वेळेनुसार फोन होतो? भारत आणि अमिरातीत दीड तासाचाच फरक आहे, पण शिफ्ट ड्युटी असली तर तोही दहा तासांसारखा होतो.

प्रज्ञा: दोघांनाही परिस्थिती कळते का? गैरसमज झाला तर थांबून विचारण्याची समज आहे का? की प्रत्येक ‘ब्लू टिक’वर भांडण होते?

या चारपैकी एखादी गोष्ट कमी असेल तर लगेच नाते मोडा असे मी म्हणत नाही. पण चारही ठिकाणी मनात शंका असेल, तर अंतर ती शंका मिटवणार नाही, वाढवेल.

हेतू आणि मुदत

भिक्खूंचा वर्षावास तीन महिन्यांचा असतो. सुरू कधी होतो, संपतो कधी, सगळ्यांना माहीत असते. त्यातही विनयाने सोय ठेवली आहे: आई किंवा वडील आजारी असतील, सहकारी भिक्खू आजारी असेल, तर सात दिवसांत परत येण्याच्या बोलीवर भिक्खू वर्षावासाची जागा सोडून जाऊ शकतो. नियम कडक आहे, पण माणसासाठी वाट ठेवलेली आहे.

आपल्या अंतरालाही हे दोन्ही हवे. मुदत हवी आणि वाट हवी. ‘थोडे पैसे जमले की येतो’ ही मुदत नव्हे. थोडे म्हणजे किती? घराचे कर्ज फिटेपर्यंत? बहिणीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत? की कुटुंबाला इकडे आणता येईल इतका पगार होईपर्यंत? अमिरातीत कुटुंबाला प्रायोजित करण्यासाठी साधारणपणे ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. हा आकडा गाठला तरी घरभाडे आणि शाळेची फी वेगळी. ब्रिटनला गेलेल्या आपल्या बांधवांसमोर आणखी मोठी अट आहे: एप्रिल २०२४ पासून तिथे स्थायिक झालेल्यांना जोडीदाराला बोलावण्यासाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते, आणि मार्च २०२४ पासून नव्याने केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही. ज्यांचे लग्न ठरते आहे त्यांनी हे नियम मंगल परिणयाच्या आधी दोन्ही कुटुंबांसमोर मांडावेत. ‘लग्न झाले की लगेच नेतो’ असे सांगून, नंतर बेड स्पेसमध्ये राहतो म्हणून नेता येत नाही असे कळवणे, हा चौथ्या शिलाचा भंग आहे. मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

आणि वाट? कोणत्या प्रसंगी काहीही झाले तरी यायचे, हे आधी ठरवा. बाळंतपण, आईवडिलांचे गंभीर आजारपण, मुलाचे ऑपरेशन. तेवढ्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

एक्स्चेंजमधून काय जाते, काय जात नाही

राजगृहात सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. तथागतांनी त्याला सहा दिशांचा नवा अर्थ दिला. त्यात आईवडील ही पूर्व दिशा आणि पत्नी-मुले ही पश्चिम दिशा. आपण इथे आखातात उभे राहिलो तर आईवडीलही पूर्वेला आणि पत्नी-मुलेही पूर्वेलाच! पण तथागतांना होकायंत्रावरची दिशा सांगायची नव्हती, कर्तव्ये सांगायची होती.

पतीची पाच कर्तव्ये त्यांनी सांगितली: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, तिला घरातला अधिकार देणे आणि वस्त्रालंकार देणे. यातले पाचवे एक्स्चेंजमधून पाठवता येते. उरलेली चार पाठवता येत नाहीत, ती वागण्यातूनच पोचतात.

चौथ्या कर्तव्याकडे जरा थांबून पाहा. पगार कोणाच्या खात्यात जातो? पुष्कळ घरांत तो वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यात जातो. आईवडिलांचा सांभाळ केलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण जिच्या एकटेपणाच्या किमतीवर तो पगार येतो, तिला भाजीच्या पैशांसाठी सासऱ्यांपुढे हात पसरावा लागत असेल, तर सिगालाला सांगितलेले चौथे कर्तव्य मोडले गेले. दूर राहायचे ठरवताना हे स्पष्ट करा: खर्चाचा निर्णय कोण घेईल, बचत कोणाच्या नावावर, घर घेतले तर कागदावर कोणाची नावे.

पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत: कामाची नीट व्यवस्था, आप्तजनांशी चांगले वागणे, एकनिष्ठा, कमावलेल्या धनाचे रक्षण आणि आळस न करणे. धनाचे रक्षण तिच्यावर सोपवले आहे, हे लक्षात घ्या. ज्याच्या हाती काही दिलेच नाही, तो रक्षण कशाचे करणार? आणि आज कमावणारी ती असेल आणि घर सांभाळणारा तो असेल, तर हीच कर्तव्ये उलट बाजूने लागू होतात. समानता मानणाऱ्या धम्मात यात कमीपणा कोणालाच नाही.

माता रमाईच्या नावाने

दूर राहण्याचा विषय निघाला की आपल्याकडे माता रमाईंचे नाव येतेच. यायलाच हवे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले, तेव्हा रमाई पंधरा वर्षांच्या होत्या. १९१६ मध्ये बाबासाहेब तिथून लंडनला गेले, १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परत आले. या संसारातली चार अपत्ये लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला आणि तिच्या मनाच्या थोरवीची, हालअपेष्टांत तिने दिलेल्या साथीची कृतज्ञतेने नोंद केली.

पण एक गोष्ट नम्रपणे सांगतो. रमाईंचे नाव आजच्या सुनेला गप्प करण्यासाठी वापरू नका. ‘रमाईने इतके सोसले, तुला एवढे जमत नाही?’ असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: माझे परदेशी राहणे कोणत्या कामासाठी आहे? ते अंतर विद्येसाठी होते आणि त्या विद्येचा उपयोग कोट्यवधींना झाला. आपले अंतर दुसऱ्या मजल्यासाठी आणि मोठ्या गाडीसाठी असेल, तर त्याला रमाईंच्या त्यागाची उपमा शोभत नाही. तसेच, रमाईंचे सोसणे हा आपल्यावरचा उपकार आहे, पुढच्या पिढीतल्या स्त्रियांनी फेडायचे कर्ज नव्हे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले की लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. दूरच्या नात्याला हीच कसोटी लावा. हे अंतर तुम्हाला मित्र बनवते आहे, की एकाला मालक आणि दुसऱ्याला वाट पाहणारा बनवते आहे?

मौन म्हणजे शांतता नव्हे

आता पवारणेकडे येऊ. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. खुणांनी कामे उरकली. तीन महिने संपल्यावर ते श्रावस्तीला तथागतांकडे आले आणि आम्ही सुखाने राहिलो असे सांगितले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. मुक्या प्राण्यांसारखे राहून तुम्ही याला सुख म्हणता, अशा शब्दांत त्यांना दोष दिला. आणि त्याच प्रसंगी पवारणेचा नियम घालून दिला: वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघाला विनंती करायची की माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगा, दोष दिसल्यास मी सुधारेन.

दूर राहणाऱ्या किती घरांत हेच मौनव्रत चालते! बोटिमवर रोज फोन होतो. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘मुले?’ ‘झोपली.’ ‘ठेवू?’ ‘ठेव.’ भांडण नाही. पण मनातले एक वाक्यही बोललेले नाही. कंत्राट संपत आले आहे हे त्याने सांगितलेले नाही. रात्री रडू येते हे तिने सांगितलेले नाही. ‘तो दूर आहे, उगाच काळजी कशाला’, ‘ती एकटी आहे, उगाच घोर कशाला’ असे म्हणत दोघेही एकमेकांना वाचवतात आणि एकमेकांपासून लांब जातात.

तीन महिन्यांतून एकदा घरची पवारणा करा. दिवस ठरवा, पौर्णिमा असली तर उत्तम. आधी वंदना घ्या. मग एकाने दुसऱ्याला विचारावे: माझ्या वागण्यात तुला काय दिसले? माझ्याबद्दल काय ऐकलेस? कसली शंका आली? समोरच्याने बोलताना मध्ये तोडू नये. लगेच खुलासा देऊ नये. आधी ‘ऐकले’ म्हणावे. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि दूरच्या नात्यात सगळ्यात उपयोगी आहे. शंका बोलली गेली तर तिचे निरसन होते. मनात राहिली तर ती नात्यालाच पोखरते.

नकुलमातेने हेच केले होते. नकुलपिता खूप आजारी पडला, तेव्हा तिने त्याच्या मनातल्या काळज्या स्वतःहून बोलून दाखवल्या. मी सूत कातून, लोकर पिंजून मुलांचे पोषण करीन. मी दुसरे घर करणार नाही. शिलापासून ढळणार नाही. म्हणून काळजी करत प्राण सोडू नका. सुत्त सांगते की त्याचा आजार हटला आणि तो काठी टेकत तथागतांच्या भेटीला आला. अशी हितचिंतक पत्नी मिळाली हे तुझे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले. समोरच्याच्या न बोललेल्या भीतीला नाव देणे ही मोठी करुणा आहे, आणि ती फोनवरूनही करता येते.

‘नाही’ म्हणणेही कुशल असू शकते

आता ज्यांना मनातून वाटते की हे माझ्याच्याने होणार नाही, त्यांच्यासाठी. प्रत्येकाची घडण वेगळी असते. कोणी महिनोन्महिने एकटे राहून शांत असतो. कोणाला रोजचा सहवास, आजारपणात कपाळावरचा हात, एका ताटातले जेवण याशिवाय जगणे कोरडे वाटते. हा दोष नाही. तो लपवून होकार देणे हा दोष आहे.

लग्न ठरले असेल आणि विचारांती तुम्हाला हे जमणार नाही असे दिसले, तर आताच सांगा. हॉल बुक झाला आहे, पत्रिका वाटल्या आहेत, ही कारणे पुढच्या तीस वर्षांपेक्षा मोठी नाहीत. लग्न झाले असेल तर आधी परिस्थिती बदलता येते का ते पाहा: परतणे, कुटुंबाला आणणे, मुदत कमी करणे. कमी पगारात गावी राहिलेला माणूस हरलेला नसतो. आणि सगळे करूनही नाते दोघांना जाळतच असेल, तर सन्मानाने वेगळे होण्याचा मार्ग आहे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाची तरतूद केली होती. ते बिल मंजूर होईना, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. ज्या समाजाच्या नेत्याने स्त्री-पुरुषांच्या या हक्कासाठी पद सोडले, त्या समाजाने वेगळ्या झालेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे तिरक्या नजरेने पाहू नये.

वेगळे होतानाही मैत्री सोडायची नाही. तृष्णा म्हणते, ‘तू माझ्याजवळ असलास तरच मी सुखी.’ मैत्री म्हणते, ‘तू जिथे असशील तिथे सुखी राहा.’ नाते ठेवताना आणि सोडताना, दोन्ही वेळी आपल्या मनात यातले कोण बोलते आहे ते ओळखा.

राहुलाचा आरसा

शेवटी एक साधना. तथागतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तथागत म्हणाले, तसेच काया, वाचा आणि मन यांची कृती पुन्हा पुन्हा पाहून करावी. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, केल्यावरही पाहावे: याने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते का?

म्हणून एकदाच निर्णय घेऊन तो दगडावर कोरू नका. करण्याआधी: वर सांगितलेले प्रश्न दोघांनी वेगवेगळे कागदावर लिहून काढा आणि मग एकमेकांना वाचून दाखवा. करताना: तीन महिन्यांनी घरची पवारणा. केल्यावर: वर्ष संपले की पाहा, आपण दोघे वर्षापूर्वीपेक्षा जास्त शांत, जास्त खरे झालो का, की जास्त चिडके आणि जास्त लपवणारे? मुलांच्या चेहऱ्यावर काय दिसते? अहित दिसले तर थांबण्याची मोकळीक राहुलाला होती, ती तुम्हालाही आहे.

या पवारणा पौर्णिमेला वंदना झाली की घरी फोन लावा. आज ‘जेवलास का’ याच्या पुढे जा. ‘माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे ते सांग, मी ऐकतो आहे, मी ऐकते आहे’ एवढेच म्हणा आणि मग खरोखर ऐका.

आपल्या सर्वांच्या घरांत मैत्री नांदो, जवळ असणाऱ्यांचे आणि दूर असणाऱ्यांचेही मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!